मदत हवी आहे: कॉलम नल (NULL, म्हणजे किंमतच भरलेली नाही) आला की डीफॉल्ट (आधी ठरवलेली किंमत) पुसलं जातं

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांचं काम पीएचपी ८ मध्ये करतोय. नवीन सभासदाची सेटिंगची ओळच डेटाबेसमध्ये नसते, तेव्हा पीडीओचं (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग) फेच, म्हणजे ओळ आणणारं फंक्शन, फॉल्स देतं. त्यावर लावलेला दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर (??) फक्त नल पकडतो, फॉल्स नाही, म्हणून बिलावर पार्किंगच्या रकमेजागी वॉर्निंग छापली गेली. मग प्रश्नचिन्ह-कोलनने (?:) फॉल्सच्या जागी रिकामा अ‍ॅरे घेऊन डीफॉल्टवर अ‍ॅरे मर्ज केला, म्हणजे डीफॉल्टच्या किमतींवर ओळीतल्या किमती चढवल्या. ते जमलं.

आता अडलंय ते असं: ओळ आहे, पण कॉलम नल आहे. मर्ज त्या नलने माझं ३०० रुपयांचं डीफॉल्ट पुसतं. नुसतं अ‍ॅरे फिल्टर (रिकाम्या किमती गाळणारं फंक्शन) लावलं तर शून्यही उडतं, आणि गाडी नसलेल्यांचं शून्य खरं आहे! त्यांच्यावर उगाच ३०० चढायला नकोत. फिल्टरला कॉलबॅक (काय गाळायचं ते ठरवणारं आपलं फंक्शन) देऊ, की डेटाबेसच्या क्वेरीतच कोअलेस (COALESCE, नलच्या जागी दुसरी किंमत देणारं) लिहू? तुम्ही काय करता?