पाणी कमी नाही, जास्त झालं असावं

भरपूर पाणी पिऊनही उलट्या झाल्या, बोटं सुजून अंगठी रुतायला लागली, म्हणून तोरणा किल्ल्याआधीच डोंगरातली धावण्याची रेस सोडली असं तुम्ही लिहिलंय. बरंच केलंत. मला यात डिहायड्रेशनच्या (अंगातलं पाणी कमी होण्याच्या) नेमकी विरुद्ध शंका येते, पाणी जास्त झाल्याची. घामावाटे मीठ जातं आणि वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल या नेहमीच्या किमान पातळीच्या खाली उतरू शकतं. ओआरएस घेतलं तरी अति पिण्यावर तो उतारा नव्हे, त्यातलं सोडियम रक्ताच्या मानाने निम्म्याच्या आसपास. (आणि लिटरची पुडी अर्ध्या बाटलीत कालवू नका, प्लीज!) तहानेपुरतंच प्या. सिंहगडच्या सरावाआधी-नंतर वजन करून बघा; वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त होतंय. डोकं ठणकून गोंधळल्यासारखं झालं, तर सलाइन लावण्याआधी सोडियम तपासायला सांगा.