शब्दचर्चा: मेंदूच्या पांढऱ्या भागाची ‘झीज’ म्हणावं का?

बाबांचं वय ७८. वर्षभरात त्यांचं चालणं बदललं. पावलं लहान पडतात, वळताना थांबतात. बोलताना शब्द येतो, पण उशिरा. विसरभोळेपणा म्हणावा तर माणसं, तारखा, देणंघेणं सगळं लक्षात आहे. एमआरआय काढला. रिपोर्टमधल्या ओळी अशा: ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस. पेरिव्हेंट्रिक्युलर अँड डीप व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज, फाझेकास ग्रेड २.’

आईला इंग्रजी येत नाही. तिच्यासाठी मी मराठीत लिहून दिलं: ‘रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे मेंदूच्या पांढऱ्या भागाची झीज झाली आहे.’

दुसऱ्या दिवशी बघते तर आईने पेपरमधलं शब्दकोडं कापून कपाटात ठेवलेलं. बाबांची सोसायटीच्या हिशोबाची वहीही तिथेच. म्हणाली, “झीज झालीय ना? मग आणखी कशाला झिजवायचं?”

गुडघ्याची झीज झाल्यावर तिला जिने चढू नका असं सांगितलं होतं. तिने तेच इथे लावलं. चूक तिची नाही, माझ्या शब्दाची आहे. तर ‘झीज’ नको, मग काय? आणि ‘पांढरा भाग’ हे तरी बरोबर आहे का?

—

प्रतिसाद

ताई, आधी पांढऱ्याचं बघू. मी तीस वर्षं प्रॅक्टिस केली, हा गोंधळ रोजचा आहे.

मेंदूचा वरचा थर पेशींचा, तो करडा. आतला भाग त्या पेशींपासून निघालेल्या लांब तंतूंचा. या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं, त्यामुळे मेंदू कापून पाहिला तर तो भाग पांढरट दिसतो. मराठी पुस्तकांत त्याला श्वेतद्रव्य म्हणतात. पण रिपोर्टमधली ‘हायपरइंटेन्सिटी’ म्हणजे हा पांढरेपणा नव्हे. एमआरआयच्या ज्या चित्रात हे डाग बघतात, त्यात निरोगी श्वेतद्रव्य उलट गडद दिसतं आणि बिघडलेली जागा उजळ चमकते. त्यामुळे ‘पांढऱ्या भागात पांढरे डाग’ असं सांगितलं की नातेवाईक विचारतात, मग पांढरा भाग चांगला की वाईट? मी ‘आतल्या तंतूंचा भाग’ आणि ‘उजळ ठिपके’ म्हणायचो.

फाझेकास हे ऑस्ट्रियन मेंदूविकारतज्ज्ञ, फ्रान्झ फाझेकास. त्यांची ० ते ३ ही मोजणी १९८७ सालची. १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांना जुळू लागलेत, ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. कॅन्सरच्या स्टेजशी याचा काही संबंध नाही, हे आईंना जरूर सांगा. ‘ग्रेड’ ऐकलं की घरात रडारड होते.

आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं या भागाशी जुळणारीच आहेत. हे तंतू मेंदूच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात निरोप नेतात. ते बिघडले की निरोप पोचतो, पण रेंगाळत. म्हणून आठवण शाबूत आणि गती मंद. ‘म्हातारचळ’ किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ यातलं काहीही इथे लागू नाही. बुद्धी नाठी झालेली नाही, तिला वेळ लागतोय.

—

प्रतिसाद

मी भाषेच्या बाजूने. ‘झिजणे’ हे नेहमी वापराने होतं: सहाण झिजते, चपलेची टाच झिजते, माणूस संसारासाठी झिजतो. त्यामुळे ‘झीज’ ऐकल्यावर ‘वापर थांबवा’ हे मराठी कानाला आपोआप ऐकू येतं. आईंनी अगदी बरोबर ऐकलं.

‘इजा’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. त्यात अचानकपणा आहे, कुठेतरी आपटलं, लागलं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोष्टीला तो बसत नाही. ‘हानी’ आणि ‘नुकसान’ चालतील, पण ते अग्रलेखातले वाटतात. ‘ऱ्हास’ तर घरात कोणी बोलतच नाही.

रक्ताचेही तीन शब्द वेगळे ठेवावेत. रक्ताभिसरण म्हणजे सगळ्या शरीरातलं फिरणं. रक्तपुरवठा म्हणजे एखाद्या अवयवाला पोचणं. रक्तप्रवाह मोजता येतो, अमुक वेळात अमुक इतकं रक्त. तुमच्या वाक्यात ‘रक्तपुरवठा’च योग्य. ‘मेंदूचं रक्ताभिसरण’ असं सर्रास लिहितात, मला ते खटकतं.

—

प्रतिसाद

मला वाटतं तुम्हाला हवा असलेला शब्द ‘विरणे’ आहे.

माझ्या आजीचं लुगडं पेटीत घडी घालून ठेवलेलं होतं. कोणी नेसत नव्हतं, तरी घड्यांवर विरलं. उजेडासमोर धरलं की त्या रेघांवर पलीकडचं दिसायचं. फाटलं नव्हतं, सूत पातळ झालं होतं. विरण्यासाठी वापर लागतोच असं नाही.

आणि हे नुसतं काव्य नाही. कॅनडातले मेंदूविकारतज्ज्ञ व्लादिमीर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली या बदलाला नाव दिलं ‘ल्युको-अरायोसिस’. ग्रीकमध्ये ‘ल्युकोस’ म्हणजे पांढरा आणि ‘अरायोस’ म्हणजे विरळ. पांढऱ्याचं विरळ होणं! ग्रीकवरून जे नाव बनवावं लागलं, ते आपल्या आज्या लुगड्याबद्दल रोज बोलत होत्या. तंतूंचाच भाग आहे, तर ‘तंतूंची वीण विरळ झाली’ म्हणा.

—

प्रतिसाद

विरणे फारच सुंदर! मी आता तोच वापरणार.

—

प्रतिसाद

माझा आक्षेप ‘-मुळे’ला आहे. ‘रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे’ असं लिहिलं की कारण ठरलं. ज्यांच्या मेंदूत असे ठिपके जास्त, त्यांच्या मेंदूचा रक्तप्रवाह कमी असतो, हे बऱ्याच वेळा दिसलंय. पण आधी काय? रक्त कमी पडल्याने तंतू बिघडले, की बिघडलेल्या तंतूंना रक्त कमी लागतं म्हणून प्रवाह घटला? एकदाच काढलेल्या फोटोवरून हे सांगता येत नाही. एडिनबराच्या जोआना वॉर्डलॉ आणि सहकारी तर बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरण्याकडेही बोट दाखवतात. २०१३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून जे अधिकृत नाव ठरवलं, त्यात ‘प्रिझ्यूम्ड’ हा शब्द मुद्दाम आहे: उगम रक्तवाहिन्यांत असावा असं मानलेले ठिपके. ‘असावा’मधला संकोच मराठीतही राहू द्या. ‘-मुळे’ऐवजी ‘बारीक रक्तवाहिन्यांच्या बिघाडाशी संबंधित’ म्हणता येईल.

—

प्रतिसाद

‘वयोमानाने’ हा शब्द मात्र कृपया लिहू नका. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हाला एवढंच सांगण्यात आलं आणि आम्ही हात जोडून घरी आलो. तीन वर्षं कोणी त्यांचं बीपी नीट पाहिलं नाही. वयाबरोबर ठिपके वाढतात हे खरं, पण ‘वयोमानाने’ म्हटलं की करण्यासारखं काही उरत नाही, आणि ते खोटं आहे.

—

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. बाबा पाटबंधारे खात्यात होते, प्रवरा डाव्या कालव्यावर उभी नोकरी. मेंदूच्या पृष्ठभागावरून आत उतरणाऱ्या बारीक, लांब रक्तवाहिन्या आणि त्यांच्या शेवटाला असलेला हा खोल भाग, असं मी सांगायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं. थोडा वेळ गेला. मग म्हणाले, “टेल. टेलचा शेतकरी.”

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. भंडारदरा धरणाचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की वरच्या चाऱ्या आधी भिजतात. गेज, म्हणजे कालव्यातली पाण्याची पातळी, जरा उतरला तरी पहिली ओरड टेलची. वर ऊस डोलत असतो आणि टेलला पोटचारी कोरडी. बाबांनी हे शब्द शोधत, पण एकही न चुकता सांगितलं.

मग त्यांनीच विचारलं, “म्हणजे वरून प्रेशर वाढवायचं?” याचं उत्तर मला देता आलं नाही. डॉक्टर, सांगाल का?

—

प्रतिसाद

बाबांना नमस्कार सांगा, टेलचा दाखला मी आता पेशंटना देईन. पण प्रेशर वाढवायचं नाही. कालवा वर्षानुवर्षं फुल गेजला चालवला तर भराव खचतो, अस्तर उखडतं. इथे बीपी सतत चढं राहिल्याने बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतली वाट अरुंद होते आणि टेलला आणखी कमी पोचतं. अमेरिकेतल्या स्प्रिंट नावाच्या मोठ्या अभ्यासात काही जणांचं वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलं, काहींचं १४० च्या. २०१९ साली त्यांचे एमआरआयचे आकडे आले. चारेक वर्षांत ठिपके दोन्हीकडे वाढले, पण पहिल्या गटात ०.९२ घन सेंमी आणि दुसऱ्यात १.४५. ठिपके पुसले जात नाहीत, पण वाढीचा वेग कमी होऊ शकतो. मात्र १२० चा आकडा वाचून घरी गोळी वाढवू नका. या वयात उठताना भोवळ येऊन पडण्याची भीती असते. बाबांसाठी कुठला आकडा, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. साखर, तंबाखू आणि रोजचं चालणं याकडेही बघा. आणि शब्दकोडं आजच परत द्या!

—

धागाकर्ती

दिलं. आईसाठी नवीन कागद लिहिला तो असा:

‘मेंदूच्या आतल्या तंतूंची वीण काही ठिकाणी विरळ झाली आहे. तिथे रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या कडक झाल्या असाव्यात. म्हणून बाबांना चालायला आणि बोलायला वेळ लागतो. डोकं वापरल्याने हे वाढत नाही. बीपी चढं राहिलं तर वाढू शकतं.’

आईने दोनदा वाचला. ‘विरळ’वर बोट ठेवून म्हणाली, “हे कळलं.” मग जुन्या डायरीत तीन रकाने आखले: वरचं, खालचं, आणि तिसऱ्यात कोडं किती सुटलं ते. काल १३२, ७८, आणि अर्धं.