पहिल्या सत्रात जोडवर्ग घ्यावा की विषय सुटे निवडावेत?

अबोली (न्यू जर्सी)

माझी भाची गेल्या वर्षी नाशिकहून आईवडिलांबरोबर कायमची इकडे आली. तिकडे तिचे बी.एस्सी.चे पहिले वर्ष झाले होते. येत्या सप्टेंबरपासून ती आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कम्युनिटी कॉलेजात शिकणार आहे; दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजाला इकडे असे म्हणतात. नावनोंदणीच्या वेळी तिच्यापुढे दोन पर्याय आले. एक म्हणजे नेहमीप्रमाणे आपापल्या सोयीच्या वेळा पाहून चार विषय सुटे निवडणे. दुसऱ्याला इकडे लर्निंग कम्युनिटी म्हणतात. त्यात इंग्रजी लेखन, मानसशास्त्राची ओळख आणि एका क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे विषयाचे वजन मोजण्याचे एकक) मार्गदर्शनवर्ग हे तीन विषय एकमेकांना जोडलेले असतात, तिन्ही वर्गांत तेच पंचवीस विद्यार्थी बसतात आणि नोंदणी तिन्हींची एकदमच करावी लागते. सोयीसाठी मी याला जोडवर्ग म्हणते.

पहिल्या सत्रात जोडवर्गच घ्यावा, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला तुकडी ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की ती नसली तर काय होते, याची त्याला कल्पनाच येत नाही. बारावी ‘ब’ची मुले सकाळपासून दुपारपर्यंत एकत्र असतात, एकमेकांच्या वह्या उतरवून घेतात, कोणते सर कधी रागावतात हे सगळ्यांना ठाऊक असते. कम्युनिटी कॉलेजात यातले काहीच नाही. वसतिगृह बहुधा नसतेच. विद्यार्थी गाडी लावून वर्गात जातो आणि वर्ग सुटला की गाडीत बसून कामावर जातो. सोमवारी गणिताला शेजारी बसलेली मुलगी मंगळवारी इंग्रजीला दिसत नाही. भाचीने उन्हाळ्यात एक सुटा विषय करून पाहिला. सहा आठवड्यांत तिला वर्गातल्या एकाचेही नाव कळले नाही, आणि दोन दिवस तापाने घरी राहिली तेव्हा टिपणे कोणाकडे मागायची, हा प्रश्न तिने मला विचारला. माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

विरोधी मत असल्यास जरूर मांडावे. निर्णय अजून झालेला नाही.

तिसरी पाळी

अबोलीताई, तुमची कळकळ समजते, पण मी या जोडवर्गातून गेलेली आहे आणि माझे मत नेमके उलट आहे. कॉलेजचे नाव सांगत नाही, कारण दोष एका कॉलेजचा नव्हता, रचनेचा होता.

मी लग्नानंतर इकडे आले आणि कामाचा परवाना मिळाल्यावर एका किराणा दुकानात रात्रपाळीला लागले. कॉलेजातल्या सल्लागाराने मोठ्या उत्साहाने मला संख्याशास्त्र आणि इंग्रजी यांच्या जोडवर्गात घातले. वेळ सोमवार ते गुरुवार, सकाळी आठ ते साडेअकरा, आणि त्यात बदल शक्य नाही. पाचव्या आठवड्यात दुकानाने पाळी बदलली आणि मी संख्याशास्त्रात मागे पडले. तो विषय सोडायला गेले तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी सांगितले की विषय जोडलेले असल्यामुळे इंग्रजीही सोडावे लागेल. इंग्रजीत मला तोपर्यंत सगळे ‘ए’ होते! माझ्या गुणपत्रकावर त्या सत्रात दोन ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय अर्ध्यावर सोडल्याच्या नोंदी, लागल्या. ज्यांना सरकारी आर्थिक साहाय्य मिळते त्यांच्या बाबतीत तर हे आणखी महागात पडते, कारण घेतलेल्या क्रेडिट्सपैकी साधारण दोन तृतीयांश पूर्ण झाली नाहीत तर ते साहाय्यच धोक्यात येते.

कम्युनिटी कॉलेजातले निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ शिकणारे असतात. नोकरी, मूल, सासूबाईंची औषधे, एकच गाडी आणि ती चालवणारे दोघे, या सगळ्यातून ज्याला जमेल तो तास तो घेतो. सुट्या विषयांची मोकळीक हे या कॉलेजांचे मोठे बलस्थान आहे. तुकडीच्या आठवणीपायी ते गमावू नये.

आकडेमोड

दोन्ही बाजूंनी स्वानुभव सांगितले गेले, तेव्हा मोजून पाहिलेले काय आहे तेही सांगतो. या बाबतीत अमेरिकेत बरीच मोजणी झालेली आहे.

कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर मायकलजॉन यांनी १९२७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात एक प्रायोगिक महाविद्यालय काढले. त्यात सुटे विषय मोडून विद्यार्थ्यांचा एकच गट एकाच सूत्राभोवती शिकत असे. ते १९३२ मध्ये बंद पडले. पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजने १९७१ पासून तीच कल्पना चालवली आणि तिथून ती आसपासच्या कम्युनिटी कॉलेजांत पसरली. सिअॅटल सेंट्रल कम्युनिटी कॉलेजातील अशा वर्गांचा व्हिन्सेंट टिंटो यांनी अभ्यास केला आणि १९९७ मध्ये मांडले की या वर्गांतले विद्यार्थी पुढच्या वर्षी कॉलेजात टिकून राहण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक होते. जोडवर्गांचे समर्थक हा अभ्यास हमखास पुढे करतात. पण त्यात वर्ग निवडणारे विद्यार्थी स्वतःहून आलेले होते, आणि जो विद्यार्थी आपणहून असा वर्ग निवडतो तो मुळातच अधिक निग्रही असण्याची शक्यता राहते.

ही शंका दूर करायची तर चिठ्ठ्या टाकूनच कोणाला जोडवर्गात घालायचे ते ठरवावे लागते. ब्रुकलिनच्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात एमडीआरसी या संशोधनसंस्थेने तसे केले. १,५३४ नवे विद्यार्थी होते, त्यांतल्या निम्म्या-अर्ध्यांना जोडवर्ग मिळाला, बाकीच्यांना नेहमीचे विषय. पहिल्या सत्रात जोडवर्गातले विद्यार्थी अधिक विषय उत्तीर्ण झाले आणि पदवीस्तराच्या इंग्रजीआधीची अडसर-परीक्षाही त्यांनी लवकर पार केली. सहा वर्षांनंतरही क्रेडिट्समधली त्यांची थोडी आघाडी टिकून होती; पदवीच्या बाबतीत मात्र पुरावा तितका पक्का नव्हता. पुढे याच संस्थेने बाल्टिमोर, टॅम्पा, ह्यूस्टन, मर्सेड, क्वीन्सबरो आणि पुन्हा किंग्जबरो अशा सहा ठिकाणी हा प्रयोग नेला. २०१२ मध्ये त्याचा एकत्रित निष्कर्ष आला तो असा: जोडलेल्या विषयात सरासरी अर्ध्या क्रेडिटचा फायदा, आणि पुढच्या सत्रात टिकून राहण्यावर जवळजवळ काहीच परिणाम नाही.

अर्ध्या क्रेडिटसाठी तिसरी पाळी यांनी सांगितलेला धोका पत्करावा का, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे.

खडूफळा (कॅलिफोर्निया)

मी कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, अर्धवेळ प्राध्यापक म्हणून, आणि सहा सत्रे जोडवर्गातही शिकवले आहे. आकडेमोड यांनी दिलेले आकडे योग्य आहेत. पण ते सरासरीचे आकडे आहेत, आणि जोडवर्ग या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात हे सरासरीत दिसत नाही.

पहिली वस्तू कागदी जोड. निबंधक दोन वर्गांना एकमेकांशी बांधून टाकतो, विद्यार्थी तेच राहतात, पण प्राध्यापकांची एकमेकांशी तोंडओळखही नसते. माझे पहिले सत्र असेच गेले. इंग्रजीच्या बाईंनी आणि मी, दोघांनीही सहाव्या आठवड्यातला बुधवारच चाचणीसाठी निवडला होता, आणि हे आम्हाला विद्यार्थ्यांकडून कळले. पंचवीस माणसे एकत्र असल्याचा परिणाम एवढाच झाला की पंचवीसही जण एकत्र चिडले. मुले फार घट्ट झाली की वर्ग शिक्षकाविरुद्ध आघाडी उघडतो, एकाने गृहपाठ केला नाही तर कोणीच करत नाही. जोडवर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिले आहे, जाहिरातीच्या पत्रकात मात्र ते कधी छापले जात नाही.

दुसरी वस्तू खरी जोड. पुढच्या सत्रात त्याच बाई आणि मी सुट्टीत दोन दुपारी एकत्र बसलो. ठरले असे की कॉलेजच्या थांब्यावर येणारी बस किती उशिरा येते, हे मुलांनी दोन आठवडे घड्याळ लावून लिहून काढायचे. वीसेक जणांनी पाळ्या वाटून घेतल्या, थंडीत वही घेऊन उभे राहिले. माझ्या तासाला त्यांनी सरासरी आणि मध्यक काढले आणि दोन्हींत एवढा फरक का पडतो यावर चांगले भांडले, कारण काही मोजक्या बसगाड्या पाऊण पाऊण तास उशिरा आल्या होत्या. बाईंच्या तासाला त्यांनी त्याच आकड्यांवरून वाहतूक विभागाला पत्र लिहिले. ‘बस नेहमी उशिरा येते’ असे वाक्य एकाने लिहिले तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘नेहमी नाही, दहांतून चारदा.’ एवढ्या वर्षांत माझ्या सुट्या वर्गात असे वाक्य मी ऐकलेले नाही.

त्या दोन दुपारींचे पैसे आम्हा दोघांनाही मिळाले नाहीत. अर्धवेळ प्राध्यापकाला तासाचे पैसे मिळतात, बोलण्याचे मिळत नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी जोड कागदी राहते ती यामुळेच. तेव्हा अबोलीताई, मी तुमच्या बाजूचा आहे, पण अटीवर.

आकडेमोड

खडूफळा यांची बस मला आवडली. तरीही एक आक्षेप राहतो. किंग्जबरोच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना नुसता जोडवर्ग मिळालेला नव्हता; अधिक समुपदेशन, शिकवणी आणि पुस्तकांसाठी व्हाउचरही मिळाले होते. त्यातल्या कशामुळे फरक पडला हे वेगळे काढता येत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाचा २००७ पासून चालणारा ‘असॅप’ हा कार्यक्रम पाहावा. त्यात पूर्णवेळ शिकण्याची अट आहे, मोजकेच विद्यार्थी सांभाळणारा सल्लागार आहे, शहरातल्या बस-रेल्वेच्या प्रवासाचे कार्ड आहे, पुस्तके आहेत, आणि सुरुवातीला एकत्र बांधलेले वर्गही आहेत. तिथे चिठ्ठ्या टाकून केलेल्या मोजणीत तीन वर्षांत पदवी घेणारे सुमारे ४० टक्के निघाले, तर नेहमीच्या वाटेने जाणारे सुमारे २२ टक्के. मला विचाराल तर यातले मोठे श्रेय सल्लागाराला आणि प्रवासाच्या कार्डाला आहे. हे मोजून सिद्ध झालेले नाही, माझा अंदाज आहे.

निमूट वाचक

एक बारीक मुद्दा. कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा झाल्यापासून पूर्वीचे पायाभूत वर्ग जवळजवळ गेलेच. विद्यार्थी थेट पदवीस्तराच्या इंग्रजीत बसतो आणि गरज असल्यास त्याच विषयाला जोडून मदतीचा तास दिला जातो. म्हणजे जोड आली, पण ती एकाच विषयाच्या पोटात. बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजने तर हे आधीच सुरू केले होते: कच्चे इंग्रजी असलेली मुले नेहमीच्या वर्गात इतरांबरोबर बसतात आणि लगेच पुढचा तास त्याच प्राध्यापकांकडे लहान गटात करतात. यात दोन प्राध्यापकांचे एकमत होण्याची वाट पाहावी लागत नाही.

अबोली (न्यू जर्सी)

सर्वांचे आभार. आकडेमोड यांना एवढेच म्हणेन की तुमची मोजणी टिकून राहणे आणि क्रेडिट्स यांची आहे. नाशिकहून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला पहिल्या सहा आठवड्यांत दोन मैत्रिणी मिळाल्या का, हे कोणत्याच तक्त्यात येत नाही, आणि मला ते अर्ध्या क्रेडिटपेक्षा मोठे वाटते. तिकडेही नव्या शैक्षणिक धोरणाने विषयांच्या टोपल्या आणल्या आहेत आणि माझ्या बहिणीच्या ओळखीतली मुले आता तुकडी मोडल्याची तक्रार करतात, हे जाता जाता नोंदवते.

तिसरी पाळी यांचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. भाची शनिवार-रविवार एका औषधाच्या दुकानात काम करते, तेवढ्याने जोडवर्गाला अडचण येणार नाही. पण उद्या दुकानाने पाळी बदलली तर काय, याचा मी विचारच केला नव्हता.

तिसरी पाळी

ताई, एक विचारू का? आपण सगळे इतके लिहीत आहोत, पण भाचीला कोणी विचारले आहे का?

अबोली (न्यू जर्सी)

काल रात्री विचारले. हा सगळा मजकूर तिला वाचून दाखवला. बसची गोष्ट ऐकून ती हसली आणि म्हणाली, ‘असे असेल तर मी थंडीत उभी राहीन.’ मग तिने दोन प्रश्न कागदावर लिहिले. पहिला, ते इंग्रजीचे आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक एकमेकांना ओळखतात का, आणि त्यांच्या चाचण्यांच्या तारखा आधी पाहायला मिळतील का. दुसरा, एक विषय सोडावा लागला तर दुसरा ठेवता येतो का. दुसऱ्याचे उत्तर कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत आम्हा दोघींनाही सापडले नाही. गुरुवारी सल्लागाराची वेळ मिळाली आहे. कागद तिने आधीच पिशवीत टाकला आहे.