चिपळूणजवळ नवं घर: खिडक्या कुठे आणि केवढ्या?

अंगणवेडा: चिपळूणपासून दहा किलोमीटरवर प्लॉट, रस्ता पश्चिमेला. तळमजल्यावर १६ बाय १२ चा हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम. जोत्याचं काम दिवाळीनंतर. इंजिनिअर हॉलला रस्त्याकडे ६ बाय ५ ची स्लायडिंग आणि बाकी सगळीकडे ४ बाय ४ म्हणतायत. दक्षिणेला शेजारचा रिकामा प्लॉट आहे. नकाशात काय बदलू?

मोजपट्टी: पश्चिमेची ती खिडकी आधी आवरा. कोकणात झड नैऋत्येकडून येते आणि संध्याकाळचं ऊन इतकं तिरपं, की दोन फुटी छज्जा त्याला अडवत नाही. रस्ता दिसायलाच हवा असेल तर पुढे ६-७ फुटांची पडवी काढा आणि खिडकी पडवीत उघडा. पडवी नको असेल तर खिडकी ३ बाय ४ करा, छज्जा ३ फूट घ्या आणि दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या उतरवा. बाथरूम, जिना, कोठीची खोली पश्चिमेला सरकवता आली तर उत्तमच.

दक्षिणेला मात्र बिनधास्त मोठी खिडकी घ्या. तुमच्याकडे डिसेंबरात दुपारचा सूर्य साधारण ४९ अंशांवर असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली तेव्हा सव्वादोन फूट खाली येते, म्हणजे चार फुटी खिडकीच्या खालच्या भागातून थंडीचं ऊन आत येतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तीच सावली सहा फुटांवर जाते आणि खिडकी पूर्ण झाकते. उत्तरेलाही छज्जा हवाच. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो.

ओळंबा: ६ बाय ५ ऐकायला मोठी वाटते. राष्ट्रीय बांधकाम संहिता दमट-उष्ण हवेसाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश उघडणारी जागा मागते. तुमच्या हॉलला ते होतात ३२ चौरस फूट. तीन ट्रॅकच्या स्लायडिंगमध्ये दोन काचा, एक जाळी. एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे हातात १५. समोरासमोरच्या भिंतींत दोन खिडक्या घ्या. एकाच भिंतीत कितीही मोठी घेतली तरी वारा आत येऊन जाणार कुठे?

आणि ‘सगळीकडे ४ बाय ४’ हे दर्शनी बाजू सारखी दिसावी म्हणून असतं, राहणाऱ्यासाठी नव्हे. आधी नकाशावर पलंग, कपाट, गॅस, सिंक काढा. कपाट दोन फूट खोल असतं, त्यामुळे त्या कोपऱ्यापासून खिडकी २ फूट ३ इंच सोडून सुरू करा. नाहीतर दार खिडकीवर आपटतं आणि पडदा कपाटामागे अडकतो.

अंगणवेडा: कपाटाचा विचारच केला नव्हता. गॅस खिडकीसमोर आहे, चालेल ना? आणि सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, किती उंच?

ओळंबा: नको हो! वाऱ्याने ज्योत फडफडते, भांड्याखाली टिकत नाही. खिडकीखाली सिंक द्या, गॅस बाजूच्या भिंतीला. ओटा ३३ इंच धरला तर सिल ४२ इंचांवर, आणि झडप आत उघडणारी नको, नळाला अडेल. बेडरूमला सिल अडीच ते तीन फूट, बाथरूमचा झरोका पाच फुटांवर. लिंटल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, सगळीकडे सात फुटांवर एका लेव्हलला. मोजमाप तयार फरशीपासून. गवंडी जोत्यापासून मोजतो आणि फरशी बसल्यावर दोन-तीन इंच गायब.

चुनाविटा: थोडं गवंडीकाम. ग्रॅनाइटची चौकट असेल तर विटांचा गाळा (खिडकीसाठी सोडलेली जागा) प्रत्येक बाजूने एक इंच मोठा ठेवा, म्हणजे ४ फुटांना ४ फूट २ इंच. सिलचा दगड बाहेर उतरता हवा, भिंतीबाहेर इंचभर निघालेला आणि खालच्या बाजूला खाच मारलेली. खाच नसेल तर पाणी दगडाखालून परत भिंतीला लागतं. खिडकीखालच्या काळ्या ओघळांचं कारण बहुतेकदा हेच. छज्ज्याच्या खालच्या कडेलाही तशीच खाच.

स्लायडिंगच्या बाहेरच्या ट्रॅकला पाणी जायची भोकं पाडलीत का, हे बसवताना स्वतः बघा. कित्येकदा पाडतच नाहीत, किंवा सिलिकॉनने बुजवतात. मग एका झडीत ट्रॅक भरतो आणि पाणी आत सांडतं.

सिलच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा नकोत तर सिल लेव्हलला तीन-चार इंचांचा काँक्रीटचा पट्टा फिरवा. लिंटल दोन्हीकडे निदान सहा इंच भिंतीवर टेकला पाहिजे.

मोजपट्टी: एक राहिलं. दक्षिणेचा प्लॉट आज रिकामा आहे, उद्या नसेल. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात उजेड-वाऱ्यावर हक्क सांगायला २० वर्षांचा अखंड उपभोग लागतो, तेव्हा शेजाऱ्याच्या मोकळ्या जागेवर हॉलचा उजेड अवलंबून ठेवू नका. त्या बाजूला स्वतःची जागा किती सोडताय, ते लिहा.

अंगणवेडा: पाच फूट.

मोजपट्टी: मग दक्षिणेला बेडरूम ठेवा, हॉलची दुसरी खिडकी पूर्वेला न्या.