पांढऱ्या शेपटीची मादी, लाकडी बाण आणि ‘यशस्वी’ संध्याकाळ

वसुधा, मिलवॉकी

‘मचाणवाला’ यांनी परवा इथे लिहिलेला अनुभव मी दोनदा वाचला, तरी मन शांत झाले नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर. विस्कॉन्सिनमधील सॉक काउंटीत, ऑक्टोबरच्या मध्यावर, ओकवर बांधलेल्या मचाणावर ते दुपारी तीनपासून बसले. दिवस मावळताना पांढऱ्या शेपटीच्या हरणांपैकी एक मादी सोळा यार्डांवर आली, त्यांनी 47 पौंड ताणाच्या रिकर्व्ह (टोके उलट वळलेल्या) धनुष्याने लाकडी बाण सोडला आणि ती ऐंशी यार्डांवर मरून पडलेली सापडली. या प्रसंगाला त्यांनी ‘आयुष्यातील सर्वांत यशस्वी संध्याकाळ’ म्हटले आणि खाली अभिनंदनाची रांग लागली.

माझा आक्षेप मांसाहाराला नाही. मी स्वतः मासे व कोंबडी खाते. आक्षेप साधनाच्या निवडीला आहे. कंपाउंड धनुष्याला कप्प्या असतात, नेम धरण्यासाठी पिन असते आणि पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच हलका होतो. रिकर्व्हमध्ये यातले काहीही नसते आणि तेच त्यातले आकर्षण आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे स्वतःच्या समाधानासाठी चुकण्याची शक्यता वाढवायची आणि त्या चुकीची किंमत मात्र जनावराने मोजायची. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मांडीत बाण रुतलेली एक मादी सलग चार दिवस आमच्या परसात येत होती. माझी धाकटी मुलगी खिडकीतून तिला पाहून रडायची आणि पाचव्या दिवशी ती का आली नाही, असे विचारत राहिली. सापडलेल्या हरणांवर सगळे लिहितात. न सापडलेल्या हरणांवर कोणीही लिहीत नाही.

मचाणवाला

वसुधाताई, परसातल्या त्या मादीबद्दल मला मनापासून वाईट वाटते. पण तो बाण कोणत्या धनुष्यातून सुटला होता, हे तुम्हाला माहीत आहे का? 2014 पासून इथे क्रॉसबोचा (बंदुकीसारख्या दांड्यावर बसवलेल्या आडव्या धनुष्याचा) हंगामही धनुष्याच्या हंगामाबरोबरच चालतो.

बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो कापून मारतो. म्हणून त्याचे पाते वस्तऱ्याइतके धारदार हवे आणि तो दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला पाहिजे. तसा गेला, तर जनावर काही सेकंदांत कोसळते. ही मादी उसळली, धावली, मागे वळून उभी राहिली आणि तिथेच बसली. मी तरीही अर्धा तास मचाणावरून उतरलो नाही, कारण घाईने पाठलाग केला तर घायाळ जनावर कित्येक मैल पळते. पानांवरचे रक्त गुलाबी आणि फेसाळ होते, म्हणजे फुप्फुसाचे होते. अठरा यार्डांपलीकडे मी बाण सोडतच नाही. त्या हंगामात त्याआधी अकरा संध्याकाळी मी काहीही न मारता परतलो होतो.

1900 च्या सुमारास या संपूर्ण देशात ही हरणे पाच लाखांहून अधिक नव्हती, असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या आसपास मानली जातात. लांडगे आपण संपवले आणि राज्याच्या उत्तरेत ते परतले असले, तरी आमच्या भागात हरणांना आवर घालणारे दुसरे काही उरलेले नाही. त्यांची संख्या वाढली की ओकची रोपे गुडघ्याएवढीही वाढत नाहीत आणि हमरस्त्यावर माणसेही मरतात. त्या मादीची नोंद मी दुसऱ्या दिवशी पाचच्या आत केली, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या मेंदूच्या प्राणघातक रोगाच्या तपासणीसाठी नमुना दिला आणि अहवाल येईपर्यंत मटणाला हात लावला नाही. हा रोग आमच्या राज्यात 2002 पासून आहे.

बळीराम, वर्धा

आपण तिकडे एका मादीवर इतका वाद घालत आहात, पण इकडे रोही (नीलगायी) आणि रानडुकरांचे कळप एका रात्रीत तूर आणि हरभरा लोळवून जातात. मीसुद्धा मचाणावरच बसतो, पण हातात धनुष्य नसते, डबा वाजवायची काठी असते. थंडीच्या तीन महिन्यांत मी सलग आठ दिवस घरी झोपल्याचे मला आठवत नाही. पंचनाम्यासाठी खेटे घालायचे आणि मिळालेल्या भरपाईत बियाण्याचा खर्चही निघत नाही. हरीण सुंदर दिसते हे मलाही मान्य आहे, परंतु ज्याच्या शिवारात ते चरते, त्याचे मत कोणी विचारत नाही.

सातपुड्याचा

मचाणवाले साहेब, आपल्या लेखातील ‘पारंपरिक’ हा शब्द मला टोचला आणि तो का टोचला ते स्पष्ट सांगतो. माझे आजोबा धडगावच्या डोंगरातले भिल्ल. त्यांचा तीरकामठा बांबूचा होता आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची होती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यानंतर तो भिंतीवर गेला आणि पुढे फक्त होळीत आणि लग्नात खाली उतरू लागला. 2006 च्या वनहक्क कायद्याने आम्हाला जमीन, मध, तेंदूपत्ता यांचे हक्क दिले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. पारधी समाजाची गोष्ट तर याहून कठोर आहे. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याच्या जोरावर त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कागदावरून पुसला गेला, पण संशय आजही त्यांच्या पालापर्यंत पोहोचतो. तेच काम परवाना घेऊन एखादा अभियंता विस्कॉन्सिनमध्ये करतो, तेव्हा तो निसर्गाच्या जवळ गेलेला माणूस ठरतो. आमच्या आजोबांना आरोपी म्हणत होते.

अरण्यप्रेमी, पुणे

सातपुड्याचे मित्र, अन्याय झाला हे मान्य करूनही मी विचारतो, की आज शिकार खुली केली तर आपल्या जंगलात काय उरेल? अमेरिकेत हरणे कोट्यवधी आहेत, आपल्याकडे अनेक भागांत काळवीट बोटांवर मोजण्याइतके आहेत. मी गेली वीस वर्षे वन्यप्राण्यांच्या गणनेच्या वेळी पाणवठ्यावर बसतो आणि शिकारीसाठी लावलेले फासे काढून टाकणे हे माझे दर उन्हाळ्याचे काम झाले आहे. परंपरेच्या नावाखाली त्या फाशांचे समर्थन होणार असेल, तर मी गप्प बसणार नाही.

सातपुड्याचा

शिकार खुली करा, असे मी एका ओळीतही म्हटलेले नाही. कृपया माझे लिखाण पुन्हा वाचा. जंगल आमच्या तीरकामठ्याने रिकामे झाले नाही. ते झाडतोडीने, रस्त्यांनी आणि धरणांनी रिकामे झाले. त्याआधी संस्थानिक आणि साहेबांच्या बंदुकांनी. आपण वर्षातून एक रात्र पाणवठ्यावर बसता. आमची माणसे तिथे जन्मली. माझी मागणी इतकीच आहे, की शब्द वापरताना तो कोणाचा आहे, हे आठवावे.

सॅक्रामेंटोकर

हा मुद्दा अमेरिकेलाही तितकाच लागू होतो. 1911 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीपैकी उरलेला एकमेव माणूस जंगलातून बाहेर आला. बाकीचे कत्तलींत आणि उपासमारीत संपले होते. त्याला इशी म्हणत, आणि ‘इशी’ म्हणजे त्यांच्या भाषेत नुसते ‘माणूस’. स्वतःचे नाव त्याने कोणालाही सांगितले नाही. सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य घडवणे आणि दबा धरणे शिकून घेतले. 1916 मध्ये इशी क्षयाने गेला. आज इथले धनुर्धारी शिकारी पोप यांचे नाव आदराने घेतात, तेव्हा त्यांच्या विद्येचा उगम कोठे आहे, हेही त्यांना ठाऊक असायला हवे.

मचाणवाला

शब्दाबाबतचा आक्षेप मला मान्य करावा लागेल, जरी तो मला सुखावणारा नाही. इथे ‘पारंपरिक’ म्हणजे केवळ कप्प्या नसलेले धनुष्य. 1969 मध्ये कंपाउंडचे पेटंट मिळाले आणि ती धनुष्ये सर्वत्र पसरली, त्यानंतर जुन्या धनुष्यांना वेगळे विशेषण लागले. याच सॉक काउंटीत आणि शेजारच्या कोलंबिया काउंटीत 1934 मध्ये या देशातील धनुष्याने हरणे मारण्याचा पहिला आधुनिक हंगाम झाला आणि वन्यजीव अभ्यासक आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्ये घडवत, याचा मला अभिमान वाटत आला आहे. पण ही भूमी त्याही आधी हो-चंक या मूळनिवासी लोकांची होती आणि त्यांना इथून वारंवार हुसकावले गेले, हे मी लेखात लिहायला हवे होते. सातपुड्याचे भाऊ, पुढे मी ‘साधे धनुष्य’ असे लिहीन. मात्र मी आरोपी नाही म्हणून मला अपराधी ठरवू नका.

वसुधा, मिलवॉकी

चर्चा सातपुड्यातून कॅलिफोर्नियापर्यंत जाऊन आली, पण माझा प्रश्न जिथल्या तिथे आहे. हरणांची संख्या वाढली आहे, हे मी स्वीकारते. ती कमी करायला हवी, हेही नाइलाजाने स्वीकारते. ऑक्टोबरपर्यंत पाडसे दूध सोडून चरू लागतात, हे मी काल वाचले आणि त्या बाबतीतला माझा रागही थोडा उतरला. बाण कोणत्या धनुष्याचा होता, असे तुम्ही मला विचारलेत. मांडीत तो घेऊन चार दिवस चालणाऱ्या जनावराला त्याने काय फरक पडतो? तुमचे न सापडलेले हरीण कोणते, ते सांगा.

मचाणवाला

2021, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. मादी चौदा यार्डांवर होती, म्हणजे याही वेळेपेक्षा जवळ. बोटांतून दोरी सुटली आणि त्याच क्षणी तिने एक पाऊल पुढे टाकले. बाण आरपार गेला होता, पण उचलला तेव्हा त्याला पोटातल्या चाऱ्याचा वास येत होता आणि पिसांवर हिरवट ओल होती. अशा वेळी रात्रभर थांबायचे असते, म्हणून मी थांबलो. पहाटे दोनला पाऊस सुरू झाला. सकाळी रक्ताचा एक ठिपकाही उरला नव्हता. आम्ही चौघे दोन दिवस पाणथळ जागेतील वेतासारख्या गवतात ओळीने चालत, जागोजागी गुडघे टेकून शोधत राहिलो आणि तिसऱ्या दिवशी थांबलो. त्या हंगामात मी पुन्हा मचाणावर चढलो नाही. तो बाण माझ्या कामाच्या टेबलावर, न धुतलेला, अजून आहे. त्या संध्याकाळविषयी मी इथे काहीही लिहिले नव्हते.