‘डेसोलेशन’ म्हणजे उदासी?

शेवग्याची_शेंग: आमच्या धर्मग्रामातल्या रिट्रीटसाठी चार पानी पत्रक करतेय. आध्यात्मिक चढउतारांत काय करावं याचे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचे नियम आहेत ना (त्यांचं ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइझेस’ हे पुस्तक रोममध्ये १५४८ साली छापलं गेलं), त्यातला पाचवा ‘डेसोलेशन’ या शब्दावर अडलाय. मी लिहिलं, ‘उदासीच्या काळात आधीचा निर्णय बदलू नये.’ सिस्टरांनी लाल पेनाने गोल करून बाजूला लिहिलं, ‘उदासी हा गुण आहे!’ आमच्या घरी उदास म्हणजे तोंड पाडून बसलेला. शनिवारी छपाईला द्यायचंय.

जुनीवही: सिस्टर बरोबर आहेत. उद् + आस्, म्हणजे अलिप्त बसणं. तुकोबांचं ‘उदास विचारे वेच करी’ आठवा. रडत रडत खर्च करा असं नाही त्यात.

देवळालीकर: पत्रक तुकोबा वाचणार आहेत का? आज उदास म्हणजे उदास. पाचवीतल्या पोराला विचारा.

पेणचा_पोहा: कन्सोलेशन (म्हणजे मनाला दिलासा) आणि त्याच्या उलट डेसोलेशन, दोन्हींत ‘सोल’ आहे, म्हणजे सूर्य. उजेड आणि काळोख लिहा, विषय संपला.

जुनीवही: सूर्याला सोडा हो. डेसोलेशनमध्ये लॅटिन ‘सोलुस’, एकटा. कन्सोलेशनमध्ये ‘सोलारी’, सांत्वन करणं. दिसायला जुळी, आया वेगळ्या.

पेणचा_पोहा: आमच्या पाळकांनी तर प्रवचनात सूर्यच सांगितला होता.

वसईची_वाडी: चौथा नियम वाचा आधी. मनात अंधार, चलबिचल, आशा नाही, प्रेम नाही, आळस, कोमटपणा, दुःख, देवापासून तुटल्यासारखं. दुःख हा त्या माळेतला एक मणी. उदासी म्हटलं की बाकीचे ओघळले. आजोबा गेल्यावर आमची आजी वर्षभर म्हणायची, ‘मणी सरकतात, मन काही सरकत नाही.’ तरी सात वाजले की टीव्ही बंद, गुडघे जमिनीवर, आणि आम्हा पोरांचेही. तिचा शब्द होता ‘कोरड’.

देवळालीकर: कोरड घशाला पडते. लोक पाणी मागतील.

मुक्कामपुणे: नामावर काय भांडताय, क्रियापद बघा. विश्वास ‘बसतो’, ‘उडतो’, त्यात आपला हात नाही. विश्वास ‘ठेवतो’ ते आपण. पाचवा नियम या ठेवण्याचा आहे. हिब्रूत विश्वासासाठीचा ‘एमुना’ हा शब्द बायबलच्या निर्गम १७:१२ मध्ये चक्क मोशेच्या हातांसाठी आलाय. लढाई चालू असताना वर धरलेले हात भरून आले, तेव्हा त्याला दगडावर बसवून अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरले. सूर्यास्तापर्यंत हात स्थिर राहिले. तो स्थिरपणा म्हणजे एमुना. ‘आमेन’ त्याच धातूचा.

पेणचा_पोहा: बघा, सूर्य आलाच!

जुनीवही: मुळात ‘विश्वास’ हा शब्दच मला पतपेढीतला वाटतो. गोव्याचे ख्रिस्ती कोकणीत ‘भावार्थ’ म्हणतात. केवढा भरीव शब्द! आपण का टाकला?

देवळालीकर: कारण मराठीत भावार्थ म्हणजे कवितेखालचा पाच मार्कांचा प्रश्न.

वसईची_वाडी: हा अनादर आहे.

देवळालीकर: भावार्थाचा की परीक्षेचा?

शेवग्याची_शेंग: अहो, माझ्या उदासीचं काय? तूर्त ‘मन कोरडं पडलं असता’ लिहिलंय. सिस्टरांनी ते सोडलं. आता लाल गोल ‘रिट्रीट’वर आहे.

पेणचा_पोहा: ‘माघार’ तेवढं लिहू नका.

जुनीवही: ‘एकांतसाधना’ लिहा.

वसईची_वाडी: ऐंशी माणसं येतात, जेवणासकट. कसला एकांत?