पावसाळी कोकणात घरावर सोलर: परवडतं का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

घर देवरुखजवळ, वर कौलं, मागच्या पडवीला पत्रा. महिन्याला साधारण 220 युनिट वापर. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, म्हणून बाबा हट्टाला पेटलेत. मी मात्र आमचं जून ते सप्टेंबरचं आभाळ आठवून कचरतोय.

लख्ख उन्हात एका किलोवॉटला दिवसाला चारेक युनिट धरतात. ढगातही थोडी वीज होतेच, पण संततधारेत तुमच्याकडे प्रत्यक्षात किती पडतात? विक्रेत्याचा कागद नको, बिलावरचा आकडा सांगा.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. नेट मीटरिंगमध्ये (म्हणजे वापरून उरलेली वीज ग्रिडला द्यायची आणि ती बिलातून वजा व्हायची) जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण 31 मार्चला हिशोब मिटतो आणि शिल्लक पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणजे दिवाळीपासून साठवलेले युनिट पावसाळ्यात वापरता येणार नाहीत, शिदोरी फक्त एप्रिल-मेची. मग 2 किलोवॉटच (अनुदान 60,000) बसवावं का?

लाइट गेली की बिनबॅटरीचं ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) सोलरही बंद होतं, हे बाबांना पटतच नाही. "ऊन आहे ना, मग?" आमच्याकडे पावसात लाइट किती वेळा जाते ते विचारूच नका.

शिवाय दोन माडांची सावली दुपारी पडवीवर येते. माड तोडायला आई देणार नाही. पॅनेल अंगणात लोखंडी सांगाड्यावर कुणी बसवलेत का? वाऱ्याला टिकतात? काचेवर शेवाळ धरतं का?